क्षेत्रफळ आणि पैस : एका काल्पनिक पक्षिगृहाचे नैतिक वाचन

१

प्राणिसंग्रहालयाचा आराखडा हा स्थापत्याचा आणि पशुवैद्यकाचा विषय. समीक्षेच्या नियतकालिकात त्याची चर्चा कशासाठी, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु हा आराखडा जेव्हा उभारणीसाठी नसतो, केवळ कल्पनेच्या आनंदासाठी रचलेला असतो, तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. त्याला ठेकेदार नसतो, अंदाजपत्रक नसते, परवान्याची गरज नसते. त्याचे सारे अस्तित्व नकाशा, नामावली आणि वर्णन ह्यांतच सामावलेले असते. अशा वेळी तो एक संहिता होतो आणि कोणत्याही संहितेला विचारावयाचे प्रश्न त्यालाही विचारता येतात. येथे कोण पाहते? कोण पाहिले जाते? कोणाला नाव मिळते आणि कोणाला केवळ संख्या मिळते?

ह्या प्रश्नांना एक सोपे उत्तर संभवते. काल्पनिक पिंजऱ्यात पक्षीच नसतो. जेथे कोणी बंदिस्त झालेले नाही तेथे नीतीचा प्रश्न उद्भवतोच कसा? मराठी समीक्षेला हा युक्तिवाद अपरिचित नाही. फडके-खांडेकर वादापासून कलेच्या स्वायत्ततेची जी बाजू वेळोवेळी मांडली गेली, तिच्यात हेच गृहीतक निरनिराळ्या रूपांत वावरते : कल्पनेच्या प्रांतात जे घडते त्याचा बळी कोणी नसतो, म्हणून त्याचा जाबही कोणाला द्यावा लागत नाही. प्रस्तुत निबंधात ह्या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी एक काल्पनिक पक्षिगृह रचून पाहू आणि त्याची जागा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, नाथसागराच्या दक्षिण तीरावर, नेवासे आणि शेवगाव ह्या तालुक्यांच्या बाजूला मुक्रर करू. जागेची ही निवड सोयीची नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

२

समजा, सुमारे दोन हेक्टर पाणथळ भूमीवर पोलादी खांब उभे केले, त्यांच्यावर तारांचे दोर ताणले आणि त्या दोरांवरून बारीक जाळी पसरली. जाळीचा रंग असा निवडला की आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती दिसू नये. आत शिरण्यासाठी दुहेरी दारे आहेत. पहिले मिटल्याखेरीज दुसरे उघडत नाही. दुसरे दार ओलांडले की लाकडी फळ्यांची वाट सुरू होते. तिला कठडा नाही. प्रथम वीतभर पाणी आणि चिखल : तेथे शेकाट्या, तुतवार आणि पाणी ढवळीत चालणारे चमचे. वाट वळते आणि खोल पाणी लागते. त्यावर चक्रवाक, तलवार बदके आणि हळदीकुंकू बदके. पुढे बाभळींचे बेट, त्यावर चित्रबलाकांची आणि मुग्धबलाकांची घरटी. अखेरीस सर्वांत विस्तीर्ण दालन आणि त्यात रोहितांचा थवा. शिकारी पक्षी कोठेही नाहीत. ज्यांची परस्परांशी निभणार नाही अशा जाती वेगळ्या ठेवल्या आहेत.

ह्या आराखड्याची कथात्म रचना लपून राहत नाही. जातींची यादी ही पात्रसूची आहे, फळ्यांची वाट हे कथानक आहे आणि दुहेरी दार हा नाटकाच्या प्रवेशकासारखा संधिप्रदेश आहे, जेथे प्रेक्षक बाहेरचे जग सोडतो आणि आतले अद्याप त्याला मिळालेले नसते. लहान पक्ष्यांपासून रोहितांच्या थव्यापर्यंत चढत जाणारा क्रम म्हणजे उत्कर्षबिंदूकडे नेणारी मांडणी होय. सर्वांत लक्षणीय आहे ते क्रियापदाचे रूप. असे आराखडे बहुधा वाचकाला उद्देशून बोलतात : आपण आत शिरता, आपल्या डाव्या हाताला चमचे दिसतात, आपण वळता आणि चक्रवाकांची जोडी समोर येते. येथे 'दिसतात' ह्या क्रियापदाला शंका ठाऊक नाही. पक्षी दिसेलच, अशी हमी वाक्यरचनेतच दिलेली आहे. ह्या हमीपाशी आपण पुन्हा येणार आहोत.

३

प्रेक्षक आणि प्राणी ह्यांमधील गज दूर सारण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. व्हर्सायच्या राजोद्यानातील प्राणिगृह ल व्हो ह्या वास्तुकाराने असे रचले होते की मध्यभागी उभे राहून राजाला भोवतीचे सर्व प्राणी पाहता यावेत. बेंथमला आपल्या सर्वदर्शी तुरुंगाची कल्पना येथूनच सुचली असावी काय, अशी पृच्छा फूको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. पुढे १९०७ साली कार्ल हागेनबेक याने हॅम्बुर्गजवळच्या स्टेलिंगेन येथे गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी प्रेक्षकाला न दिसणारे खंदक खणले. १९६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लॉर्ड स्नोडन, सेड्रिक प्राइस आणि फ्रँक न्यूबी ह्यांनी रचलेले पक्षिगृह उघडले आणि प्रेक्षक जाळीच्या आत गेला. सिंगापूरच्या जुराँग पक्षी उद्यानात १९७१ पासून दोन हेक्टरांचे धबधब्याचे पक्षिगृह होते. ते उद्यान २०२३ साली बंद होऊन पक्षी मंडई येथील नव्या उद्यानात गेले. आपल्याकडे मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या राणीच्या बागेत, २०२० साली आत चालत जाता येईल असे उंच पक्षिगृह प्रेक्षकांसाठी खुले झाले.

हा प्रवास सर्वसाधारणपणे प्रगतीचा म्हणून सांगितला जातो आणि एका मर्यादेत ते खरेही आहे. ज्या पिंजऱ्यात पंख पसरता येत नाहीत त्यापेक्षा जेथे उडता येते ती जागा बरी, ह्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. पण जॉन बर्जर यांनी प्राण्यांकडे पाहण्याविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात (तो १९८० साली 'अबाउट लुकिंग' ह्या संग्रहात समाविष्ट झाला) एक वेगळी बाब निदर्शनास आणली. मनुष्याच्या नित्य जीवनातून प्राणी नाहीसे होऊ लागले त्याच काळात सार्वजनिक प्राणिसंग्रहालये उदयाला आली. ती ह्या नाहीशा होण्याचीच स्मारके आहेत. बर्जर यांच्या ह्या निरीक्षणाला एक पुरवणी जोडता येईल. गज होते तोपर्यंत स्मारक आपण स्मारक असल्याचे कबूल करीत होते. जाळी क्षितिजाकडे सरकली, आकाशाच्या रंगात मिसळली, तशी ही कबुलीही पुसली गेली.

साहित्याच्या अभ्यासकाला ही हालचाल ओळखीची वाटावी. वास्तववादी कादंबरीत निवेदक जसजसा पारदर्शक होत जातो, तसतसे आपण कथन वाचीत नसून जीवनच पाहत आहोत असा वाचकाचा समज दृढ होतो. निवेदक नाहीसा झालेला नसतो. निवड, क्रम आणि वगळणूक ही त्याची कामे तो करीतच असतो. केवळ त्याच्याकडे बोट दाखविण्याची सोय उरलेली नसते. आत शिरता येणारे पक्षिगृह हे ह्या अर्थाने वास्तववादाचे स्थापत्य आहे.

४

ह्या ठिकाणी आराखड्याच्या जागेचा विचार अपरिहार्य होतो. नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात, मनुष्य आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी कसा असतो ह्याचे विवरण करताना, ज्ञानेश्वरांनी शुकनलिकेचा दृष्टांत योजला आहे. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो. त्याच्याच भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळू लागतो. पाय सोडले तर त्याला उडून जाता येईल. त्याला कोणी बांधलेले नाही. पण आपण बांधले गेलो अशा समजुतीने तो नळी अधिकच घट्ट आवळून धरतो. पक्षी धरण्याच्या एका साध्या युक्तीतून येथे बंधनाचे सबंध तत्त्वज्ञान उभे राहते : पिंजरा नाही, पण पक्ष्याला तो आहे असे वाटते.

आपले काल्पनिक पक्षिगृह ह्या दृष्टांताच्या नेमके उलट आहे. येथे पिंजरा आहे, पण प्रेक्षकाला तो नाही असे वाटते. भ्रमाची जागा पक्ष्याकडून पाहणाऱ्याकडे सरकली आहे. शुकनलिकेतील पोपटाचा भ्रम फिटला तर पोपट मुक्त होतो; पक्षिगृहातील प्रेक्षकाचा भ्रम फिटला तरी पक्षी जेथल्या तेथेच राहतो. म्हणून दुसरा भ्रम नैतिकदृष्ट्या अधिक गंभीर मानला पाहिजे. पहिल्याची किंमत भ्रमिष्ट स्वतः मोजतो. दुसऱ्याची किंमत दुसराच कोणी मोजीत असतो आणि भ्रमिष्टाच्या वाट्याला मात्र सौंदर्यानुभव येतो.

ह्यावर असे म्हटले जाईल की हा आरोप प्रत्यक्ष पक्षिगृहावर लागू पडतो, काल्पनिकावर नाही. तेथे पक्षीच नसल्याने किंमत मोजणारा कोणी नाही. परंतु काल्पनिक आराखडा एक इच्छा घडवितो, आणि घडलेली इच्छा कागदापुरती राहत नाही. पाणथळ जागा पाहण्यास योग्य कधी होते, ह्याविषयीची आपली अपेक्षा अशा रचनांतून तयार होते. दोनशे पावलांत दहा जाती, ठरलेल्या क्रमाने, हमखास दिसणाऱ्या : ही अपेक्षा घेऊन मनुष्य पुढे खऱ्या तळ्याकाठी जातो आणि तेथे काही दिसले नाही तर ते तळे रिकामे आहे असे समजतो. जे रिकामे समजले गेले ते भरून टाकण्यास फारसा विरोध होत नाही. कल्पनेचा बळी कोणी नसतो, हे विधान ह्या कारणाने फार ढिले आहे.

५

हमी पुरी करण्यासाठी रचनाकाराला काय करावे लागते, हे रोहितांच्या उदाहरणावरून पाहता येईल. रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या आहारातील सूक्ष्म शेवाळातून आणि लहान कवचधारी जीवांतून येणाऱ्या रंगद्रव्यांमुळे असतो. बंदिवासात तो आहार नसला की पिसे फिकी पडतात. म्हणून संग्रहालये खाद्यातून रंगद्रव्य पुरवितात. रोहित मोठ्या थव्यातच विणीला प्रवृत्त होतो. थवा लहान असेल तर काही संग्रहालयांनी भोवती आरसे बसवून तो मोठा भासविण्याचा प्रयोग केला आहे. म्हणजे प्रेक्षकासाठी पक्ष्याला रंग दिला जातो आणि पक्ष्यासाठी आरशात समाज निर्माण केला जातो. ह्यात क्रौर्य नाही. उलट पुष्कळ ज्ञान आणि काळजी आहे. परंतु ही सारी काळजी ज्या उणिवेची भरपाई करते, ती उणीव पक्षिगृहाने स्वतःच निर्माण केलेली आहे, हे दृष्टिआड करता येत नाही.

स्थलांतराचे उदाहरण याहून बोलके आहे. हिवाळ्यात आपल्याकडील जलाशयांवर येणारा पट्टकादंब मध्य आशियाच्या पठारांवरून हिमालय ओलांडून येतो आणि उन्हाळ्यापूर्वी परततो. अशा परतण्याचे बंदिवासात काय होते? विशेषतः लहान गाणाऱ्या पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे आढळले आहे की स्थलांतराचा ऋतू आला म्हणजे पिंजऱ्यातील पक्षी रात्री अस्वस्थ होतात आणि त्यांच्या हालचालींचा रोख बहुधा त्या दिशेकडे असतो जिकडे त्यांचे मोकळे जातभाई त्या वेळी निघालेले असतात. दाणापाणी असते, हवामान बाधत नाही, शत्रू नसतो. तरीही ऋतू येतो आणि पक्षी एका बाजूला सरकू लागतो. दोन हेक्टरांचे वीस हेक्टर केल्याने ह्या घटनेचा अर्थ बदलत नाही. जाळी मोठी झाली की तिच्याशी होणारी गाठ उशिरा पडते, इतकेच.

येथे क्षेत्रफळ आणि पैस ह्यांत भेद करणे आवश्यक ठरते. 'पैस' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात नेवाशाच्या त्या खांबाशी जोडला गेला आहे ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते. दुर्गा भागवत यांच्या ललित निबंधसंग्रहाला (१९७०) त्याने नाव दिले. क्षेत्रफळ चौरस फुटांत सांगता येते. ते जाळीच्या आत मोजले जाते आणि मोजणारा नेहमी आराखडा करणाराच असतो. पैस म्हणजे विस्तीर्ण अवकाश. ह्या निबंधापुरता त्याचा अर्थ असा घेऊ की जेथे असण्याबरोबर नसण्याचीही मुभा असते तो अवकाश. पक्ष्याला न दिसण्याची, न येण्याची आणि निघून जाण्याची मोकळीक जेथे आहे तेथे लहानशा डबक्यालाही पैस आहे. ती नसेल तर कितीही हेक्टर हे केवळ क्षेत्रफळ होय.

६

ह्या भूमिकेवर सर्वांत बळकट आक्षेप आश्रयाच्या बाजूने येतो, आणि त्याचे उदाहरणही ह्याच जिल्ह्यात आहे. माळढोक हा पाणथळीचा पक्षी नव्हे. पण बंदिवास कधी समर्थनीय ठरतो ह्याचा विचार त्याला वगळून करता येत नाही. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. २०१२ साली त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. दरम्यान येथला माळढोक नाहीसा होण्याच्या बेताला आला. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून रानातील अंडी गोळा करून ती कृत्रिमरीत्या उबविण्याचा आणि पिल्ले वाढविण्याचा प्रकल्प चालू झाला. माळरानच उरले नसेल तर माळढोकाच्या नसण्याच्या मोकळिकीला काय अर्थ? जेथे बाहेर केवळ मरण आहे तेथे पिंजरा हाच आश्रय नव्हे काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो. पारधी त्याची मागणी करतात. शरण आलेल्याला मरण नाही, ह्या भूमिकेवरून चक्रधर ढळत नाहीत. ते निघून गेल्यावर चक्रधर मांडी उचलतात आणि सशाला आदराने संबोधून आता जाण्यास सांगतात. लीळेचे नैतिक सौंदर्य बहुधा पहिल्या भागात, म्हणजे रक्षणात, पाहिले जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ससा आपण होऊन आला होता आणि त्याला जाऊ दिले गेले. मांडी उचलली गेली नसती तर तोच आश्रय बंदिवास झाला असता.

म्हणून आश्रय आणि बंदिवास ह्यांतील फरक भिंतीत शोधता येत नाही. तो शेवटात आहे. ज्या रचनेला पक्ष्याला 'आता जा' म्हणण्याचा दिवस ठाऊक आहे, किमान तो दिवस आणण्याची जबाबदारी जिने पत्करली आहे, ती बंद असली तरी आश्रय होय. माळढोकाच्या प्रजननकेंद्राचे समर्थन ह्याच अटीवर करता येते आणि म्हणूनच माळराने राखल्यावाचून ते समर्थन अपुरे राहते. आपल्या आराखड्यातील रोहितांच्या दालनाला असा दिवस नाही. त्याचे कथानक प्रेक्षकाच्या बाहेर पडण्याने संपते. पक्ष्याच्या जाण्याचे प्रकरण त्यात लिहिलेलेच नाही.

७

येथवरचे विवेचन वाचून असे वाटण्याचा संभव आहे की जाळीतील कृत्रिम पाणथळ वाईट आणि जाळीबाहेरचा नाथसागर चांगला, एवढाच निष्कर्ष निघतो. तो मान्य करता येत नाही, कारण नाथसागर हीदेखील एक रचना आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीमागे गोदावरीचे पाणी पसरले, उथळ किनारे तयार झाले, त्यांवर पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आज ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहतो ते अर्धशतकापूर्वी एका आराखड्याच्या कागदावर होते.

त्या आराखड्यातही नामावली होती आणि वगळणूक होती. पाण्याखाली शंभराहून अधिक गावे बाधित झाली. काळी जमीन, पाणवठे, देवळे आणि स्मशाने सोडून माणसे उठली. ज्या पाण्यावर रोहित उतरले ते पाणी कोणाच्या तरी शिवारात उभे आहे. दुष्काळात जलाशय आटतो, तळ उघडा पडतो आणि काठचे लोक तेथे गाळपेर करतात. त्याच ओल्या गाळावर पक्षीही चरतात. जलाशयावर मासेमारीने पोट भरणारे आहेत. पाण्यावर तरंगत्या सौरपटलांचा प्रकल्प योजिला गेला तेव्हा त्याविरुद्धचा वाद त्यांच्यातूनच उभा राहिला आणि २०२५ साली तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला. एका जलाशयाचे एकाच वेळी अनेक आराखडे केले जात आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकात कोणी ना कोणी अनुपस्थित आहे.

पैस ह्या संकल्पनेची खरी कसोटी येथे लागते. पक्ष्याची अनुपस्थिती ही त्याची मोकळीक आहे. उठविलेल्या गावाची अनुपस्थिती ही त्याच्यावर लादली गेलेली आहे. पहिली मान्य करणे हे नीतीचे काम आहे, दुसरी झाकणे हे अनीतीचे. किनाऱ्यावर उभे राहून थव्याचे वर्णन करणारी लेखणी पहिलीविषयी कितीही हळवी असली, तरी दुसरीविषयी मौन पाळीत असेल तर तिने आपली जाळी आकाशाच्या रंगात रंगविली आहे, असेच म्हणावे लागेल. निसर्गलेखन आणि विस्थापितांचे लेखन ह्यांची खाती आपल्या समीक्षेत स्वतंत्र राहिली आहेत. नाथसागरापुरते तरी ती एकाच पानावर मांडावी लागतील.

८

मग काल्पनिक पक्षिगृह रचूच नये काय? कल्पनेवर बंदी घालणे हा समीक्षेचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. आराखडा पुन्हा रचता येतो. फळ्यांची वाट राहू द्यावी. जाळी मात्र पाण्यावरून काढून वाटेवर घ्यावी. बंद जागेत माणसाने बसावे. पाणवठ्याकाठी लपण करून बसणाऱ्याला ही जागा ठाऊक असते : अंधार, अरुंद झरोका आणि दीर्घ प्रतीक्षा. जातींच्या यादीपुढे संख्येचा रकाना न ठेवता महिन्यांचा ठेवावा, आणि काही महिने कोरे ठेवावेत. वाटेच्या एखाद्या वळणावर पाण्याखालच्या गावांची नावे लिहावीत. त्यासाठी शोधावी लागणारी नामावली पक्ष्यांच्या नामावलीइतकीच लांब होईल. वर्णनातील क्रियापद 'दिसतात' असे न ठेवता 'दिसले तर' असे करावे.

हा बदल व्याकरणातील आहे, आणि म्हणूनच तो साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. दुसऱ्या जीवाची कल्पना निश्चितार्थी क्रियापदांनी करावी की संकेतार्थी, हा प्रश्न कादंबरीकाराला जितका लागू आहे तितकाच धरण बांधणाऱ्यालाही. शेवगावच्या बाजूने हिवाळ्यात नाथसागराकाठी गेलेल्याला पट्टकादंब दिसतील किंवा दिसणार नाहीत. दिसले नाहीत म्हणून ते तळे रिकामे ठरत नाही.